कातळाचे वय शोधणारे बिरबल साहनी

अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर लाटा झेलणारा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हारस. त्याचे वय सांगणार कोण? लखनौ विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी साक्षीदार शोधले ते लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये गाडल्या गेलेल्या तळ्यांच्या गाळात. परागकण व बीजाणूंचे कवच आम्लालाही सहसा दाद देत नाही. त्यामुळे ते कोट्यवधी वर्षे टिकते. नागपूर-छिंदवाडा पट्ट्यातील अशा थरांमधील ताडवर्गीय वृक्षांचे अवशेष व अ‍ॅझोला या पाणवनस्पतीचे बीजाणू त्यांनी अभ्यासले.

पंजाबातील भेरा येथे १८९१ मध्ये जन्मलेले साहनी केंब्रिजमध्ये शिकले. १९३६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. दख्खनचा कातळ क्रिटेशस नव्हे, त्यानंतरच्या टर्शरी युगातील असावा, असा वाद त्यांनी १९३४ मध्ये जाहीरपणे मांडला. आजच्या मोजणीनुसार हे उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे नेमके दोन्ही युगांच्या सीमेवरचे ठरतात.

जन्मगावाजवळच्या मिठाच्या डोंगररांगेत मात्र हेच साक्षीदार फसवे निघाले. सूक्ष्म अवशेषांवरून साहनींनी तेथील मीठ इओसीन काळातील मानले; प्रत्यक्षात ते ५० कोटी वर्षांहून जुने आहे. ते अवशेष मागाहून शिरले असावेत, असे आता मानले जाते.

लखनौतील पुरावनस्पतिशास्त्र संस्थेची जीवाश्मजडित कोनशिला ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली. आठवड्याभरातच साहनी निवर्तले. संस्था उभारण्याची जबाबदारी पत्नी सावित्री यांनी पेलली.