पाण्याची वाटणी

सह्याद्रीच्या माथ्यावर मुसळधार पाऊस कोसळतो. परंतु त्याच पर्वताच्या पूर्वेस, बारामती व इंदापूर या तालुक्यांत, मेघ जणू रिकाम्या हातांनी येतात. इंदापूर तालुक्यातील बावडा गावापासून नीरा नदी दूर नाही. तरी पात्र खोल व शेते उंच, म्हणून शेतकऱ्यांची सारी भिस्त पावसावरच असे. पाऊस चुकला की घरांना कुलपे लागत व माणसे पोटासाठी परमुलखात जात. १८७६ च्या दुष्काळानंतर येथे नीरेचा डावा कालवा काढण्यात आला व १८८५ साली तो वाहू लागला. त्या पाण्याच्या वाटणीचा विचार ज्या थोर अभियंत्याने केला, त्यांचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या लहानशा गावी झाला. पितृछत्र बालपणीच हरपल्यामुळे शिकवण्या करून त्यांनी आपले शिक्षण चालविले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून १८८३ साली ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले व पुढील वर्षी मुंबई इलाख्याच्या सेवेत रुजू झाले. आरंभीच त्यांना धुळ्याकडे काम मिळाले. तेथे पांझरेच्या काठी फड पद्धत फार पूर्वीपासून चालत आली होती. एका फडातील सर्व शेतकरी एकच पीक घेत आणि पाणी ठरल्या क्रमाने वाटून घेत.

१८९९ साली ते पुण्यास पाटबंधाऱ्यांचे कार्यकारी अभियंता झाले. नीरेच्या कालव्यावर त्यांना एक विपरीत गोष्ट दिसली. कालव्याच्या तोंडाशी असलेली गावे उसाला मनसोक्त पाणी देत. शेवटाकडील गावांच्या वाट्यास मात्र कोरडे पाट येत. वर अतिपाण्याने जमिनी चिबड होत व हिवताप पसरे. खाली पिके वाळत. पाण्याने जमीन पालटली, जमिनीने माणसांची स्थिती पालटली, आणि एकाच कालव्यावर समृद्धी व दैन्य शेजारी नांदू लागले.

यावर विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत सुचविली. प्रत्येक गावातील निवडक चांगल्या जमिनीचे पट्टे ठरवावेत, त्यांतील काही भागातच ऊस करावा, उरलेल्या भागात थोड्या पाण्याची पिके घ्यावीत व दरवर्षी पिकांची फेरपालट करावी, अशी ती योजना होती. त्यामुळे तेवढ्याच पाण्यात अधिक गावांचा निर्वाह होणार होता. भरपूर पाण्याची सवय जडलेल्या शेतकऱ्यांना हे रुचले नाही. वृत्तपत्रांतूनही टीका झाली. विश्वेश्वरय्या रागावले नाहीत. त्यांनी शेतकऱ्यांच्या भेटी घेऊन त्यांच्या शंकांचे निरसन केले. धरण बांधणे हे निम्मे काम असून माणसांचे मन वळविणे हे उरलेले निम्मे काम आहे, हे त्यांनी ओळखले होते.

१९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. पुढे ते म्हैसूरचे दिवाण झाले. १९५५ साली ‘भारतरत्न’ हा किताब त्यांना मिळाला आणि १९६२ साली, वयाची शंभरी ओलांडून, त्यांनी देह ठेवला. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

नीरेच्या काठची कथा तेथेच थांबली नाही. सासवडकडील माळी बागाईतदार येथे येऊन खंडाने जमिनी करू लागले. १९३४ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. बाजारपेठा वाढल्या, रस्ते झाले. भूमी माणसाला घडविते व माणूस भूमीला घडवितो. परंतु ते घडविणे सर्वांच्या हिताचे व्हावे, यासाठी पाण्याइतकीच न्यायबुद्धीची गरज असते.