रामचरणी वाहिलेली वाणी

श्रीरामनवमीस नामसंगीताचा महिमा आठवताना कर्नाटक संगीतातील थोर रचनाकार त्यागराज यांचे पुण्यस्मरण होते. १७६७ साली तिरुवारूर येथे तेलुगू कुळात जन्मलेले त्यागराज कावेरीतीरी तिरुवैयारु येथे राहिले. सोंटी वेंकटरमणय्यांपाशी त्यांनी गानविद्या संपादिली. तंजावरच्या भोसले राजांनी द्रव्य देऊन दरबारी पाचारिले असता त्यांनी नकार दिला; संतप्त वडील बंधूंनी पूजेतील राममूर्ती कावेरीत टाकिली, असे परंपरा सांगते. ती गवसेपर्यंत ते आर्ततेने गात राहिले. भजन गात मिळविलेल्या भिक्षेवर त्यांनी प्रपंच चालविला. वाणी रामचरणीच वाहिली. १८४७ च्या पौष वद्य पंचमीस त्यांनी देह ठेविला. तंजावरचे राज्य १८५५ साली खालसा झाले. त्यागराजांच्या समाधीपाशी मात्र प्रतिवर्षी त्या तिथीस शेकडो गायक-वादक मिळून त्यांच्या पंचरत्न कृती गातात.