स्प्रिंग हूकची, ऑइल न्यूटनचं

टेकफेस्टमधली आरसी रेस तुम्ही कधीतरी पाहिली असेलच. मातीचा ट्रॅक, फळ्यांचे रॅम्प आणि रिमोटवर धावणारे मोठ्या चाकांचे मॉन्स्टर ट्रक. दोन ट्रक एकाच रॅम्पवरून उडतात. एक खाली येतो, जमिनीवर बसतो आणि तसाच पुढे सुटतो. दुसरा चेंडूसारखे दोन-तीन टप्पे खातो, वाकडा होतो आणि चारी चाकं वर. मोटर सारखीच, बॅटरीही सारखीच. मग फरक कुठे? सस्पेन्शनच्या सेटिंगमध्ये.

त्या सेटिंगमागचा पहिला नियम ज्यानं शोधला, तो माणूस तुमच्या ओळखीचा आहे. अकरावीच्या फिजिक्समध्ये तुम्ही त्याच्या नावाचा नियम घोकलाय, त्याच्या आलेखाची सरळ रेघ जर्नलमध्ये काढलीय. रॉबर्ट हूक. नियम सगळ्यांना पाठ असतो, माणूस मात्र फारसा कुणाला माहीत नसतो.

हातानं विचार करणारा पोरगा

हूकचा जन्म १८ जुलै १६३५ चा. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे, तिथलं फ्रेशवॉटर हे त्याचं गाव. वडील चर्चमध्ये पाद्री. पोरगा सतत आजारी, डोकं कायम दुखणारं. त्यामुळे त्याचं शिक्षण बरंचसं घरीच झालं आणि उरलेल्या वेळात तो एकटाच काहीतरी खटपट करत बसायचा.

एकदा त्यानं पितळी घड्याळ उघडलेलं पाहिलं आणि तसंच लाकडाचं बनवलं. ते चाललंसुद्धा! मग त्यानं सुमारे तीन फूट लांबीचं जहाजाचं मॉडेल केलं. दोर, पुली, डोलकाठ्या सगळं जागच्या जागी, आणि पाण्यातून जाता जाता बारीक तोफा उडतील अशी सोय. आज जन्मला असता तर हा गडी तुमच्या रोबोटिक्स क्लबमध्ये सोल्डरिंग गन घेऊन बसलेला दिसला असता.

तो १३ वर्षांचा असताना वडील गेले. वाट्याला आलेले सुमारे ४० पौंड घेऊन तो लंडनला आला. आधी एका नामांकित चित्रकाराकडे शिकाऊ म्हणून राहिला, पण रंगांच्या वासानं डोकं उठायचं. ते सोडून वेस्टमिन्स्टर शाळेत गेला. तिथे युक्लिडच्या भूमितीची पहिली सहा पुस्तकं त्यानं आठवड्यात संपवली, असं सांगतात. १६५३ मध्ये ऑक्सफर्डला पोचला, तेव्हा खिसा रिकामाच होता. फीसाठी इतरांची कामं करत शिकला.

तिथे श्रीमंत संशोधक रॉबर्ट बॉइलनं त्याला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. बॉइलला हवेचा पंप हवा होता, आणि चालेल असा पंप हूकनं बनवून दिला. त्या पंपावर बॉइलचं नाव झालं. बनवणारा मागेच राहिला. हूकच्या आयुष्यात हे पुढेही होत राहिलं.

१६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला प्रयोगप्रमुख नेमलं. काम काय, तर दर आठवड्याच्या बैठकीत तीन-चार नवे प्रयोग करून दाखवायचे. कल्पना करा, दर आठवड्याला नवं प्रॅक्टिकल, आणि समोर देशातले सगळ्यात हुशार परीक्षक! १६६५ मध्ये त्याचं सूक्ष्मदर्शकाखालच्या जगाचं पुस्तक आलं. बुचाच्या पातळ कापात त्याला बारीक कप्पे दिसले, त्यांना त्यानं सेल हे नाव दिलं. बायोलॉजीवाल्यांनो, तुमचा रोजचा शब्दही याच माणसाचा.

गाडीला स्प्रिंग लावून पाहू या

आता येऊ आपल्या विषयाकडे. त्या काळातल्या घोडागाडीत बसणं म्हणजे शिक्षा होती. दगडी रस्ते, लाकडी चाकं, आणि गाडीची पेटी फार तर चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेली. मे १६६५ मध्ये रॉयल सोसायटीची काही मंडळी लंडनजवळ कर्नल ब्लंट नावाच्या गृहस्थाकडे जमली. सॅम्युअल पीप्स या रोजनिशीकारामुळे ती दुपार आपल्याला कळते. जेवण बेताचंच होतं. जेवणानंतर मात्र गाड्यांचे धक्के कमी करायचे वेगवेगळे प्रयोग झाले. त्यातल्या एका गाडीची अख्खी पेटी एकाच लांब स्प्रिंगवर ठेवलेली होती. सगळे आळीपाळीनं त्यात बसून आले आणि खूश झाले. त्या मंडळींत ३० वर्षांच्या आतला हूक होता.

म्हणजे ज्यानं स्प्रिंगचा नियम दिला, तो स्प्रिंगवरच्या गाडीत स्वतः बसून पाहणाऱ्यांपैकी होता. पण गाडी आरामशीर झाली हे एक आणि किती झाली, का झाली हे दुसरं. त्याला हे दुसरं हवं होतं.

मध्ये १६६६ ची लंडनची आग आली. शहर बेचिराख झालं आणि हूक शहराचा सर्व्हेअर झाला. प्लॉट मोजणं, भांडणं मिटवणं, मित्र ख्रिस्तोफर रेनबरोबर इमारती उभारणं यात त्याची वर्षं गेली. आगीच्या स्मरणार्थ उभारलेला २०२ फुटी स्तंभ लंडनमध्ये आजही आहे, त्यात हूकचा मोठा हात होता. या सगळ्या धावपळीत स्प्रिंग मात्र त्याच्या डोक्यातून गेली नव्हती.

सरळ रेघ

१६७८ मध्ये त्यानं स्प्रिंगवरचं छोटं पुस्तक छापलं. त्यातले प्रयोग इतके साधे आहेत, की तुम्ही होस्टेलच्या खोलीत करू शकाल. तारेचं वेटोळं घ्या, वजन टांगा, किती ताणलं ते मोजा. वजन दुप्पट करा, पुन्हा मोजा. किंवा २०, ३०, ४० फुटांची तार खिळ्याला टांगा आणि खाली तराजूचं पारडं बांधा. दर वेळी एकच उत्तर. जोर दुप्पट केला की ताण दुप्पट, तिप्पट केला की तिप्पट.

हेच तुमच्या ट्रकवर करून पाहा. शॉकवरची स्प्रिंग काढा, स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर उभी धरा आणि पट्टी लावून दाबा. समजा ५ मिलिमीटरला काटा ४०० ग्रॅम दाखवतो, तर १० ला ८०० आणि १५ ला १२०० च्या आसपास दाखवेल. हा तुमच्या स्प्रिंगचा कडकपणा. चारही स्प्रिंगा अशा मोजल्यात, की पाकिटावरच्या रंगाच्या खुणेवर विसंबायला नको.

या सरळ रेघेमुळे एक मोठा गैरसमजही जातो. शॉकवरची कॉलर फिरवून स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवता येते, त्याला प्रीलोड म्हणतात. बरीच मुलं म्हणतात, कॉलर फिरवली, स्प्रिंग कडक केली. नाही हो! ट्रकचं वजन तेच आणि स्प्रिंगही तीच. त्या वजनाखाली ती जितकी दबायची तितकीच दबणार. कॉलरनं फक्त ट्रक उंच होतो. कडकपणा बदलायचा तर स्प्रिंग बदला, नाहीतर शॉकचं खालचं टोक आर्मवरच्या दुसऱ्या भोकात बसवा. टोक चाकाच्या दिशेनं बाहेर नेलं, की चाकाला तीच स्प्रिंग जास्त कडक लागते.

आणखी एक गोष्ट. चाक वर-खाली होत असताना त्याला फिरतंही ठेवायचं, तर वाकड्या कोनातूनही फिरणारा जोड लागतो. गॅरेजवाले त्याला क्रॉस म्हणतात, पुस्तकात युनिव्हर्सल जॉइंट. हूकनं तो १६७६ च्या पुस्तकात आकाशनिरीक्षणाच्या यंत्रासाठी मांडला. इंग्रजीत त्या जोडाला आजही हूकचं नाव आहे. तुमच्या ट्रकच्या शाफ्टवर तोच जोड किंवा त्याचा नातेवाईक बसलेला असतो.

चौदा अक्षरांचं कुलूप

आता या गोष्टीचा दुखरा भाग. स्प्रिंगचा नियम हूकनं १६७६ मध्येच जाहीर केला होता, पण कसा? नियमाच्या लॅटिन वाक्यातली १४ अक्षरं वर्णानुक्रमे लावून त्यानं नुसती ती ओळ छापली. कुणाला काही कळू नये, पण उद्या दुसऱ्या कुणी हक्क सांगितला तर आपला पुरावा असावा. खुलासा केला दोन वर्षांनी.

एवढी भीती का? तर १६७५ मध्ये हॉलंडच्या क्रिस्टियान हायगेन्सनं चक्राकार स्प्रिंगवरचं घड्याळ जाहीर केलं होतं. हूक भडकला. त्याचं म्हणणं, ही कल्पना माझी, मी कितीतरी आधी सांगितली होती. सांगितली होती, पण पूर्ण करून छापली नव्हती. हूकचं असंच व्हायचं. डोक्यात शंभर कल्पना, हातात दहा, आणि शेवटाला गेलेल्या दोन. त्यात कामाचे पैसेही वेळेवर मिळत नसत. त्याच्या व्याख्यानांसाठी वर्षाला ५० पौंड देऊ म्हणणाऱ्या धनिकानं टाळाटाळ केली, आणि कोर्टाचा निकाल हूकच्या बाजूनं लागायला १६९६ उजाडलं.

सगळ्यात मोठं भांडण झालं आयझॅक न्यूटनशी. १६७९-८० च्या पत्रांत हूकनं न्यूटनला सुचवलं होतं, की सूर्याचं आकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत असावं. न्यूटनचा महाग्रंथ १६८६ मध्ये सोसायटीपुढे आला, तेव्हा हूक म्हणाला, माझं श्रेय द्या. न्यूटननं उलट हस्तलिखितातले हूकचे उल्लेख ठिकठिकाणी खोडले. खरं पाहता, अंदाज हूकचा असला तरी तो गणितानं सिद्ध करणं हूकला जमलं नव्हतं, ते न्यूटननं केलं. दोघांनाही आपापल्या परीनं मान देता आला असता. दोघांनीही दिला नाही.

शॉकच्या नळीत दोघे

आता एक गंमत. शॉकमधून ऑइल काढून टाका आणि ट्रक नुसत्या स्प्रिंगांवर सोडा. काय होईल? नाचत राहील. स्प्रिंग घेतलेला जोर जवळजवळ सगळा परत देते. तो कुठेतरी जिरवायला हवा. ते काम ऑइल करतं. शॉकच्या नळीत पिस्टन आहे, त्याला बारीक भोकं आहेत, भोकांतून सिलिकॉन ऑइल जातं आणि धक्क्याची ताकद उष्णता होऊन निघून जाते. द्रवाचा विरोध वेगाच्या प्रमाणात वाढतो, हे गृहीत धरून मांडणी केली कुणी? न्यूटननं, त्याच महाग्रंथात. असा वागणाऱ्या द्रवाला आज न्यूटनचंच नाव आहे.

म्हणजे बाहेर हूकची स्प्रिंग, आत न्यूटनचं ऑइल. जिवंतपणी ज्यांचं पटलं नाही, ते तुमच्या ट्रकच्या प्रत्येक कोपऱ्यात एकमेकांना सांभाळत बसलेत. सेटिंग म्हणजे दुसरं काय, या दोघांत समेट घडवणं.

तो कसा घडवायचा? ट्रक फूटभर उंचीवरून सपाट जमिनीवर सोडा. टप्पे खाल्ले तर ऑइल पातळ आहे. बाटलीवर ३५०, ५०० असे आकडे असतात, आकडा मोठा तितकं ऑइल घट्ट. पण फार घट्ट केलंत, तर एकापाठोपाठ एक खड्डे आले की चाकाला परत खाली यायला वेळच मिळणार नाही, आणि ट्रक दगडासारखा आपटत जाईल. पिस्टनची भोकं फार बारीक असली, तर मोठ्या उडीवर शॉक एकदम अडतो. ऑइलमध्ये हवेचे बुडबुडे राहिले, तर एक शॉक एक बोलतो, दुसरा दुसरंच. म्हणून पिस्टन हळूहळू वर-खाली करून बुडबुडे आधी काढा. स्प्रिंग बदललीत तर ऑइलकडेही पुन्हा बघा. कडक स्प्रिंगला घट्ट ऑइल लागतं. ऊन तापलं की ऑइल पातळ होतं, तेव्हा सकाळचं सेटिंग दुपारी पुन्हा तपासा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. हूकच्या तारेच्या प्रयोगात तार तीच राहायची, बदलायचं फक्त वजन. म्हणून तर त्याला सरळ रेघ सापडली.

आठ हजार पौंड आणि एकही चित्र नाही

शेवटची वर्षं हूकनं एकट्यानं काढली. पाठ वाकलेली, झोप उडालेली, नजर मंदावलेली. ३ मार्च १७०३ ला तो गेला. खोलीतल्या लोखंडी पेटीत ८,००० पौंडांहून जास्त रक्कम निघाली. त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. प्रकाशावरचं त्याचं पुस्तकही हूक गेल्यावरच, १७०४ मध्ये बाहेर आलं. आज हूकचं खात्रीचं म्हणावं असं एकही चित्र नाही. ते न्यूटननं नष्ट केलं अशी कथा नेहमी सांगतात, पण तिला पुरावा नाही.

२००६ मध्ये इंग्लंडमधल्या एका घराच्या कपाटात हूकच्या हस्ताक्षरातला पाचशेहून अधिक पानांचा गठ्ठा सापडला. रॉयल सोसायटीनं तो सुमारे १० लाख पौंडांना मिळवला. त्यातल्या नोंदींनी घड्याळाच्या स्प्रिंगबद्दलच्या त्याच्या दाव्याला बळ मिळालं. बिचारा खरं बोलत होता. ते कागदावरून कळायला तीनशेहून जास्त वर्षं लागली.

तुमच्याही ग्रुपमध्ये असा एक जण असेल. प्रेझेंटेशन दुसरा देतो, हा रात्रभर जागून मॉडेल चालतं करतो. त्याचं नाव पोस्टरवर वर लिहा. आणि तो तुम्हीच असाल, तर कल्पना कुलपात ठेवू नका. पूर्ण करा, तारखेसकट वहीत लिहा आणि चार जणांना दाखवा.