देविका राणी : लंडनच्या नाट्यशाळेपासून मालाडच्या चित्रशाळेपर्यंत

आमच्या वाचकांपैकी ज्येष्ठांना देविका राणी हे नाव ‘अछूत कन्या’ या चित्रपटामुळे ठाऊक असेल. तरुण वाचकांनी ते दादासाहेब फाळके पुरस्काराच्या पहिल्या मानकरी म्हणून स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात वाचले असेल. या दोन ओळखींच्या मागे एका विदुषीची दीर्घ तयारी उभी आहे. तिची कथा शिक्षणाच्या अंगाने सांगावी, असे आम्हांस फार दिवसांपासून वाटत होते.

देविका राणी चौधुरी यांचा जन्म ३० मार्च १९०८ रोजी वॉल्टेअर, म्हणजे आजच्या विशाखापट्टणम येथे झाला. घराणे बंगाली जमीनदारांचे आणि उच्चविद्याविभूषित. वडील कर्नल मन्मथनाथ चौधुरी हे मद्रास इलाख्याचे पहिले भारतीय सर्जन जनरल होते, तर आजीकडून रवींद्रनाथ ठाकूरांच्या घराण्याशी नाते होते. अशा घरातील मुलीला वयाच्या नवव्या वर्षी शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात आले. नऊ वर्षांचे लेकरू सातासमुद्रापार निवासी शाळेत ठेवणे म्हणजे काय, हे वसतिगृहात वाढलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना वेगळे सांगावयास नको. फरक एवढाच की, देविका राणींच्या पाठीशी संपन्न घर होते आणि आपल्याकडील पुष्कळांच्या पाठीशी आईबापांचे कष्ट तेवढे होते.

शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनी लंडनमध्ये रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट या संस्थेत अभिनयाचे आणि रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये संगीताचे शिक्षण घेतले. एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. वास्तुकला, गृहसजावट आणि कापडावरील नक्षीकाम हेही विषय त्या शिकल्या, आणि नक्षीकामाच्या क्षेत्रात नोकरीलाही लागल्या. त्या काळी भारतात चित्रपटात काम करणे कुलीन घरातील स्त्रीला कमीपणाचे मानले जात असे. त्यामुळे या साऱ्या शिक्षणाचा शेवट रुपेरी पडद्यावर होईल, अशी कल्पना त्यांच्या घरच्यांनी केली असेल असे वाटत नाही.

१९२८ साली त्यांची हिमांशू राय यांच्याशी भेट झाली. या गृहस्थांची ओळख करून देताना आम्हांस विशेष आनंद होतो. कायद्याच्या शिक्षणासाठी विलायतेत गेलेले राय रंगभूमीकडे वळले आणि १९२५ साली त्यांनी म्युनिकच्या एका जर्मन चित्रसंस्थेच्या भागीदारीत ‘प्रेम संन्यास’ हा मूकपट काढला. एडविन अर्नॉल्ड यांच्या ‘लाइट ऑफ एशिया’ या काव्यावर आधारलेला हा चित्रपट म्हणजे तथागतांचे चरित्र होय. त्यात सिद्धार्थ गौतमाची भूमिका स्वतः राय यांनी केली होती. परदेशी प्रवासी बोधगयेस येतात आणि बोधिवृक्षाखाली बसलेला एक वृद्ध त्यांना बुद्धकथा सांगतो, अशी त्याची मांडणी आहे. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन हे जर्मन होते. युरोपात या चित्रपटाचे चांगले स्वागत झाले. भारतात मात्र तो फारसा चालला नाही.

राय यांनी देविका राणींना प्रथम अभिनयासाठी घेतले नाही. ‘प्रपंच पाश’ या १९२९ सालच्या मूकपटासाठी वेषभूषा आणि कलाविभागात त्यांनी साहाय्य केले. त्याच वर्षी दोघांचा विवाह झाला आणि उभयता बर्लिनला गेले. जगातील अग्रगण्य चित्रसंस्थांत गणल्या जाणाऱ्या ‘उफा’ या संस्थेत देविका राणी चित्रपटनिर्मितीची अंगे शिकल्या. कॅमेऱ्यासमोर उभे राहणे हा त्यातला एक भाग होता. रंगभूषा, वस्त्रे, सजावट आणि चित्रीकरणाची व्यवस्था हे सारे त्यांनी उमेदवारासारखे शिकून घेतले. आमच्या मते त्यांच्या पुढील आयुष्याचा पाया लंडनपेक्षाही बर्लिनमध्ये अधिक घातला गेला.

मूकपट मागे पडून बोलपट आला, तेव्हा देविका राणींच्या शिक्षित आवाजाला एकाएकी मोल आले. ‘कर्म’ हा चित्रपट इंग्रजी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत तयार झाला. नायक राय आणि नायिका देविका राणी. १९३३ साली तो लंडनमध्ये झळकला आणि तेथील वृत्तपत्रांनी या भारतीय अभिनेत्रीच्या रूपाची व शुद्ध इंग्रजी उच्चारांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. आजही या चित्रपटाचे नाव निघाले की त्यातील एका चुंबनदृश्याचीच चर्चा होते. पराधीन देशातील एक स्त्री साम्राज्याच्या राजधानीत, राज्यकर्त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच समीक्षकांकडून मान मिळविते, ही गोष्ट आम्हांस त्याहून थोर वाटते. मात्र हिंदी आवृत्तीकडे भारतीय प्रेक्षकांनी पाठ फिरविली.

त्याच वर्षी जर्मनीत नाझींची सत्ता आली. राय दांपत्याने मायदेशी स्थिर होण्याचे ठरविले आणि १९३४ साली मुंबईच्या मालाड उपनगरात ‘बॉम्बे टॉकीज’ उभी राहिली. ती रीतसर भागभांडवल उभारून काढलेली कंपनी होती. तिच्या संचालकांत सर चिमणलाल सेटलवाड होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे अध्यक्ष ते हेच, आणि या सभेनेच सोलापूरला आपल्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालविले होते, याची नोंद येथे केल्यावाचून राहवत नाही.

या चित्रसंस्थेत दिग्दर्शक ऑस्टेन, छायालेखक योसेफ विर्शिंग असे जर्मन तंत्रज्ञ होते आणि त्यांच्या हाताखाली भारतीय तरुण शिकत होते. संगीताची धुरा सरस्वती देवी या पारशी विदुषीकडे होती. सर्व जातींचे नोकर एकाच उपाहारगृहात एकत्र जेवत, असा तेथील रिवाज होता. सार्वजनिक पाणवठ्यावर माणसाला मज्जाव होता, त्या काळातील ही गोष्ट आहे.

१९३६ साली ‘अछूत कन्या’ प्रदर्शित झाला. देविका राणींनी त्यात कस्तुरीची भूमिका केली. तिचा बाप दुखिया हा रेल्वे फाटकाचा अस्पृश्य चौकीदार. मोहन नावाच्या ब्राह्मण दुकानदाराला सर्पदंश होतो तेव्हा दुखिया तोंडाने विष शोषून त्याचे प्राण वाचवितो आणि दोन्ही घरांचा स्नेह जडतो. मोहनचा मुलगा प्रताप आणि कस्तुरी एकत्र वाढतात, परस्परांवर प्रेम करू लागतात. पण लग्न जातीतच व्हावयाचे. दोघांचे विवाह वेगवेगळ्या ठिकाणी होतात, गावात कुजबुज माजते, संशयाने पेटलेला कस्तुरीचा नवरा फाटकावर प्रतापशी झुंजतो. धावत येणारी गाडी थांबविण्यासाठी कस्तुरी रुळांवर धावते आणि प्राणास मुकते. प्रताप झालेला अशोक कुमार हा मूळचा प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ होता. नायिकेच्या कसलेल्या अभिनयापुढे त्याचा नवखेपणा लपत नाही, तरी ही जोडी लोकांना अतिशय आवडली. पंडित नेहरू आणि सरोजिनी नायडू यांनीही हा चित्रपट पाहिला.

या चित्रपटाकडे आम्ही कसे पाहावे? ऑक्टोबर १९३५ मध्ये बाबासाहेबांनी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली होती. मे १९३६ मध्ये जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील त्यांचे न झालेले भाषण पुस्तकरूपाने निघाले आणि महिनाअखेरीस दादरला महार परिषद भरली. ज्या लोहमार्गावर दादर आहे त्याच मार्गावर काही स्थानके पुढे मालाड. दादरला माणसे हक्कांची भाषा बोलत होती. मालाडच्या कस्तुरीला मात्र बंडाचा शब्द दिला गेला नाही. ती सोसते आणि मरते. तिच्या मरणाने जातीची एक वीटही हलत नाही. कोरलेल्या भुवयांची ही कस्तुरी फाटकवाल्याच्या झोपडीत वाढलेली वाटत नाही, हा आक्षेपही खरा आहे.

तरीही आमचे मत या चित्रपटाच्या बाजूने झुकते. अस्पृश्याच्या मुलीला कथेच्या मध्यभागी बसवून, तिच्यासाठी सवर्ण प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणणारा इतका लोकप्रिय चित्रपट त्या काळी विरळाच. आणि ठाकूर घराण्याशी नाते सांगणाऱ्या, लंडन-बर्लिनमध्ये नावाजल्या गेलेल्या अभिनेत्रीने ती मुलगी होण्यात कमीपणा मानला नाही. पुढे ‘जीवन प्रभात’मध्येही जातिभेदाचा विषय त्यांच्याकडे पुन्हा आला.

१९३९ साली महायुद्ध पेटताच इंग्रज सरकारने जर्मन तंत्रज्ञांना स्थानबद्ध केले आणि मे १९४० मध्ये हिमांशू राय निवर्तले. बत्तीस वर्षांच्या देविका राणींवर साऱ्या कंपनीचा भार पडला. बर्लिनचे शिक्षण येथे कामास आले. त्यांच्या कारकिर्दीत निघालेला ‘किस्मत’ हा १९४३ चा चित्रपट कलकत्त्याच्या एकाच चित्रपटगृहात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. पण त्याच वर्षी शशधर मुखर्जी, अशोक कुमार आदी मंडळी फुटून निघाली आणि त्यांनी ‘फिल्मिस्तान’ काढली. ‘हमारी बात’ ही देविका राणींची पडद्यावरील अखेरची भूमिका ठरली. यूसुफ खान नावाच्या एका तरुणाला नोकरीवर घेऊन ‘ज्वार भाटा’त ‘दिलीप कुमार’ या नावाने त्यांनीच पुढे आणले.

१९४५ साली आपले भाग विकून त्या बाहेर पडल्या आणि रशियन चित्रकार स्वेतोस्लाव रोरिक यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. त्यांचे दीर जॉर्ज रोरिक हे तिबेटी बौद्ध वाङ्मयाचे मोठे अभ्यासक होते. ‘ब्ल्यू ॲनल्स’ या तिबेटी इतिहासग्रंथाचे त्यांचे इंग्रजी भाषांतर आजही अभ्यासकांच्या हाती असते. काही काळ कुलू खोऱ्यात घालवून हे दांपत्य बंगळूरजवळच्या तातगुनी येथील विस्तीर्ण मळ्यात राहू लागले. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९६९ सालासाठीचा पहिला फाळके पुरस्कारही. चित्रपटात त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. जानेवारी १९९३ मध्ये रोरिक वारले आणि ९ मार्च १९९४ रोजी देविका राणींनी बंगळूर येथे देह ठेवला. त्यांना अपत्य नव्हते. तातगुनीचा मळा पुढे कर्नाटक सरकारच्या ताब्यात गेला.