सादिक हिदायत : इंजिनिअरिंग सोडलेला कादंबरीकार

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात विश्वेश्वरय्या, कलाम सर, सावित्रीबाई यांच्यावर लेख येतातच आणि ते यायलाच पाहिजेत. या वेळी मात्र जरा दूरच्या माणसाबद्दल लिहितो आहे. नाव सादिक हिदायत. देश इराण. शिक्षण, इंजिनिअरिंग अर्धवट! आधुनिक फारसी कथेचं नाव काढलं की पहिल्यांदा यांचंच नाव येतं. आणि त्यांची सगळ्यात गाजलेली कादंबरी पहिल्यांदा कुठे निघाली माहीत आहे? तेहरानमध्ये नाही, पॅरिसमध्ये नाही, तर आपल्या मुंबईत.

आता कोणी म्हणेल, बार्शीटाकळीच्या पोराला फारसीचं काय घेणं? पण घेणं आहे. वऱ्हाडात इमादशाही होऊन गेली, पुढे निजामाचा अंमल आला, आणि कितीतरी वर्षं दप्तर फारसीत चाललं. आपल्या आठवडी बाजारात उभं राहून नुसतं ऐका. बाजार, दुकान, कागद, जमीन, दरवाजा, शहर हे सगळे शब्द फारसीतून आलेले आहेत. वर्गात सर हजेरी घेतात, ती हजेरीसुद्धा त्याच वाटेने आली. म्हणजे ही भाषा रोज आपल्या तोंडात आहे, फक्त आपल्याला पत्ता नाही.

सादिक हिदायत यांचा जन्म १७ फेब्रुवारी १९०३ रोजी तेहरानमध्ये झाला. घराणं मोठं, सरकारदरबारी वजन असलेलं. पणजोबा रझाकुली खान हे एकोणिसाव्या शतकातले नावाजलेले कवी आणि साहित्याचे इतिहासकार होते. सादिक मात्र मितभाषी होते. त्यांचं शिक्षण तेहरानमधल्या सेंट लुई या फ्रेंच मिशनरी शाळेत झालं. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना हे लगेच समजेल. शाळेत एक भाषा, घरी दुसरी, आणि दोन्हीकडे थोडं थोडं पाहुण्यासारखं वाटणं. पण त्या फ्रेंचमुळेच युरोपचं साहित्य त्यांना उघडं झालं.

१९२६ मध्ये इराण सरकारने जे विद्यार्थी युरोपला शिकायला पाठवले त्यांत हिदायत होते. वय २३. बेल्जियममधल्या गेंट शहरात इंजिनिअरिंगला नाव घातलं. मन लागेना. मग पॅरिसला जाऊन आर्किटेक्चर करायचं ठरवलं, तेही राहिलं. १९३० मध्ये डिग्री न घेताच ते घरी परतले. स्कॉलरशिपवर परदेशी गेलेला मोठ्या घरचा मुलगा रिकाम्या हाताने परत येतो, तेव्हा लोक काय बोलत असतील याची कल्पना होस्टेलवर राहणाऱ्यांना वेगळी द्यायला नको. पण हात खरंच रिकामे होते का? त्या चार वर्षांत त्यांनी शाकाहाराचे फायदे सांगणारं एक पुस्तक लिहिलं, ते १९२७ मध्ये बर्लिनमध्ये छापून आलं. मांसाहारी समाजात वाढलेला हा माणूस प्राण्यांच्या दयेपोटी आयुष्यभर शाकाहारी राहिला. शिवाय बॅगेत कथा होत्या. त्याच १९३० साली 'जिवंत गाडलेला' अशा अर्थाच्या नावाने त्यांचा पहिला कथासंग्रह निघाला.

पोटासाठी त्यांनी बँकेत कारकुनी धरली आणि लिहिणं चालू ठेवलं. बुजुर्ग अलवी, मुज्तबा मिनोवी आणि मसूद फरजाद या तीन मित्रांबरोबर त्यांचा चौघांचा एक गट जमला. त्या काळी फारसी साहित्यात जुन्या वळणाच्या पंडितांचा दबदबा होता. या पोरांनी त्यांची चेष्टा केली आणि बाजारातल्या, गल्लीतल्या माणसाची बोली कथेत आणली. आपल्याकडे उद्धव शेळक्यांनी १९६० मध्ये 'धग'मध्ये वऱ्हाडी बोलीला जी जागा दिली, तसंच काहीसं समजा. हिदायत यांनी तर लोकांच्या समजुती, चालीरीती, तोडगे असं सगळं गोळा करून १९३३ मध्ये त्याचं पुस्तकच केलं.

त्यांची एक कथा आहे 'दाश आकोल'. (नाव वाचून मला आधी आपलं अकोलंच आठवलं!) दाश म्हणजे दादा. शिराझ शहरातला हा दादा, सगळे त्याला दचकून असतात. एक श्रीमंत माणूस मरताना आपलं घरदार त्याच्या हवाली करतो. त्या घरातल्या मुलीवर दाशचा जीव जडतो. पण ज्याने विश्वास टाकला त्याच्या मुलीला मागणं त्याला पटत नाही. तो सात वर्षं मुकाट्याने घर सांभाळतो, शेवटी तिचं लग्न दुसऱ्याशी लावून देतो आणि जुन्या वैऱ्याशी झालेल्या मारामारीत मरतो. त्याच्या मनातली गोष्ट तिला कळते ती त्याने पाळलेल्या पोपटाच्या तोंडून. १९७१ मध्ये यावर इराणमध्ये सिनेमाही निघाला.

दुसरी 'भटका कुत्रा'. मालकापासून चुकलेला एक चांगल्या जातीचा कुत्रा गावच्या चौकात येऊन पडतो. पोरं दगड मारतात, दुकानदार लाथा घालतात. त्याला अन्नापेक्षा जास्त हवा असतो तो डोक्यावरून फिरणारा हात. एवढीच गोष्ट, पण वाचल्यावर मेसच्या मागे बसणाऱ्या कुत्र्याकडे तुम्ही पूर्वीसारखं बघू शकणार नाही.

आता मुंबई. १९३६ मध्ये हिदायत मुंबईला आले. कारण ऐकून गंमत वाटेल. इराणची जुनी पहलवी भाषा शिकायला एका इराणी माणसाला मुंबई गाठावी लागली! हजारएक वर्षांपूर्वी इराणमधून निघालेल्या पारशांनी इकडे आपले जुने ग्रंथ जपले होते. बहरामगोर अंकलेसरिया या पारशी विद्वानांकडे ते पहलवी शिकले आणि अर्दशीर बादशहाच्या जुन्या कथेचं त्यांनी आजच्या फारसीत भाषांतर केलं.

मुंबईतच त्यांनी 'बूफ-ए-कूर', म्हणजे 'आंधळं घुबड' ही कादंबरी बाहेर काढली. तेव्हा इराणमध्ये रझाशाहची कडक सेन्सॉरशिप होती, तिथे हे छापणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी स्वतःच्या अक्षरात मजकूर लिहून त्याच्या फक्त ५० च्या आसपास प्रती काढल्या, आपल्याकडे सायक्लोस्टाइल नोट्स निघायच्या तशा. वर, इराणमध्ये विक्रीसाठी नाही, अशी सूचनाही टाकली. आपल्या वर्गात एका चॅप्टरच्या झेरॉक्स यापेक्षा जास्त निघतात!

कादंबरीचा नायक कलमदानांवर चित्रं काढणारा एकटा माणूस. सारखं एकच चित्र काढतो. भिंतीवर पडलेल्या आपल्याच घुबडासारख्या सावलीसाठी तो आपली कहाणी लिहितो. खरं काय, भास काय, शेवटपर्यंत कळत नाही. यात भारतही आहे. नायकाची आई बनारसच्या देवळात नाचणारी आहे, आणि नागाच्या अंधाऱ्या खोलीचा प्रसंग तर अंगावर काटा आणतो. सोपं पुस्तक नाही हे, पण सुटतही नाही.

१९३७ मध्ये ते परत गेले. पुन्हा तीच कारकुनी, तीच छोट्या पगाराची कामं. १९४१ मध्ये रझाशाह पायउतार झाला, तेव्हा कुठे 'आंधळं घुबड' तेहरानच्या वर्तमानपत्रात क्रमशः आलं. १९४५ मध्ये त्यांनी 'हाजी आगा' लिहून पैसेवाल्या ढोंगी पुढाऱ्यांची खिल्ली उडवली. काफ्काला फारसीत आणण्यातही त्यांचा मोठा वाटा.

पण मन खचत चाललं होतं. निराशा तरुणपणापासून सोबत होतीच. १९५० च्या डिसेंबरमध्ये ते पॅरिसला गेले. मार्च १९५१ मध्ये त्यांचे मेहुणे, इराणचे पंतप्रधान अली रझमारा यांची हत्या झाली. पुढच्याच महिन्यात, एप्रिल १९५१ मध्ये, हिदायत यांनी पॅरिसमध्ये स्वतःचं आयुष्य संपवलं. वय ४८. पेर लाशेझ स्मशानभूमीत त्यांची कबर आहे.

दोनच वर्षांनी, १९५३ मध्ये, कादंबरीचा फ्रेंच अनुवाद आला आणि आंद्रे ब्रेतोंसारख्या मोठ्या लेखकाने तो उचलून धरला. पुढे इंग्रजी अनुवाद आला आणि पुस्तक जगभर गेलं. जे नाव त्यांना जिवंतपणी पुरेसं मिळालं नाही ते दोन वर्षांनी दारात आलं, आणि घरात माणूस नव्हता. इराणमध्ये या पुस्तकावर नंतरही बंदी आली, २००६ मध्येसुद्धा. तरी ते वाचलं जातंच.

काही लोक म्हणतात, थोर कलावंत असेच जातात. मला हे अजिबात पटत नाही. थोर होती ती कथा. त्यातलं दुःख थोर नव्हतं, ते नुसतं दुःख होतं आणि त्याला सोबत हवी होती. डिग्री हुकल्याने हिदायत संपले नाहीत, उलट लेखक झाले. हे बॅकलॉगवाल्यांनी जरूर लक्षात ठेवावं. पण एकटेपणा त्यांना भारी पडला, हे आपण सगळ्यांनीच लक्षात ठेवायला हवं. म्हणून रूम पार्टनर दोन दिवस मेसला आला नाही तर दार ठोठवा. स्वतःला जड वाटत असेल तर मित्राला, सरांना, घरी बोला. तेही जमत नसेल तर सरकारचा टेली-मानस नंबर १४४१६ आहे, तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आणि वाचायचं असेल तर 'दाश आकोल'पासून सुरुवात करा. 'आंधळं घुबड' परीक्षा संपल्यावर, आणि शक्यतो दिवसा!