पुस्तकं बांधणारा पोरगा

बटण दाबलं की मिक्सर घरघरतो, बंद केलं की थांबतो. बटण म्हणजे विजेच्या वाटेवरचा जोड. वाट सलग असेल तरच वीज वाहते. मध्ये तुटली की सगळं ठप्प! मिक्सरमधली मोटर ज्यांच्या प्रयोगातून पुढे घडत गेली, ते मायकेल फॅरेडे शाळेत मात्र लिहिण्या-वाचण्यापुरतं आणि हिशेबापुरतंच शिकले होते.

१७९१ साली लंडनजवळ एका लोहाराच्या घरी मायकेलचा जन्म झाला. वडील आजारी, घरात कायम ओढाताण. चौदाव्या वर्षी पोराला पुस्तकबांधणीच्या कामाला लावलं. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचूनही काढायचा. ज्ञानकोशातला विजेवरचा लेख त्याला असाच सापडला. आणखी एक पुस्तक होतं रसायनशास्त्राचं. लेखिका होत्या जेन मार्सेट. शिक्षिका आणि दोन मुली यांच्या गप्पांमधून, मुख्यतः बायकांसाठी त्यांनी ते लिहिलं होतं. सुरुवातीच्या आवृत्त्यांवर तर बाईंचं नावही नव्हतं! त्यातलं खरं की खोटं, हे मायकेलनं परवडतील तेवढे प्रयोग करून पडताळलं.

१८१२ मध्ये एका गिऱ्हाइकानं दिलेल्या तिकिटांवर त्यानं शास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांची व्याख्यानं ऐकली. टिपणं काढून, स्वतः बांधून त्यांना पाठवली. पुढच्याच वर्षी डेव्हींच्या प्रयोगशाळेत त्याला मदतनीसाची जागा मिळाली.

१८२१ मध्ये फॅरेडेंनी वीज वाहणारी तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. हीच मोटरची सुरुवात. १८३१ मध्ये त्यांनी उलट बाजू शोधली. तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर हलवला की तारेत वीज वाहते. चुंबक थांबला की वीजही थांबते. आपल्या कोयनेचं पाणी जी जनित्रं फिरवतं, ती याच तत्त्वावर चालतात.

रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद त्यांनी नाकारलं. पण नाताळात मुलांना विज्ञान समजावून सांगायला मात्र वर्षानुवर्षं उभे राहिले. मार्सेटबाईंनाही विसरले नाहीत. स्वतःचे शोधनिबंध त्यांना आठवणीनं पाठवायचे. १८६७ मध्ये ते गेले.

‘हे आपल्याला काय कळणार?’ असं आपण किती सहज म्हणतो! बायकांना कळावं म्हणून एका बाईनं सोप्या भाषेत लिहिलं, आणि त्यातूनच एका लोहाराच्या पोराला विज्ञानाची वाट सापडली. मुलांचं विज्ञानाचं पुस्तक आज आपणही उघडून पाहू या ना.