गोविंद सदाशिव घुर्ये
गोविंद सदाशिव घुर्ये (१२ डिसेंबर १८९३ – २८ डिसेंबर १९८३) हे संस्कृती, धर्म आणि जातिव्यवस्था यांचे अभ्यासक असलेले भारतीय समाजशास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म मालवण येथे झाला. मुंबईत संस्कृतचे उच्च शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी केंब्रिज विद्यापीठात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे संशोधनास प्रारंभ केला. १९२२ मध्ये रिव्हर्स यांचे निधन झाल्यावर ए. सी. हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रबंध पूर्ण केला.

१९२४ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. १९३२ च्या ग्रंथात त्यांनी जातिव्यवस्थेची सहा लक्षणे मांडली, तर १९५३ च्या ग्रंथात भारतातील साधूंच्या परंपरांचा वेध घेतला. त्यांचे स्वतःचे लेखन मुख्यतः प्राचीन ग्रंथांवर आधारलेले असले, तरी विद्यार्थ्यांना त्यांनी क्षेत्रीय अभ्यासाकडे वळवले. इरावती कर्वे व एम. एन. श्रीनिवास हे त्यांचे विद्यार्थी होत.

आदिवासींना बाह्य संपर्कापासून संरक्षण द्यावे, या व्हेरिअर एल्विन यांच्या भूमिकेला घुर्ये यांनी १९४३ मध्ये विरोध केला. आदिवासी हे मागासलेले हिंदू होत, असे त्यांचे प्रतिपादन होते. आदिवासींची स्वतंत्र ओळख त्यात नाकारली जाते, असा आक्षेप त्यावर घेतला जातो.